उसने डोळे

बदलीच्या नोकरीत घर सरकार देते, शेजार मात्र दैव देते. दिल्लीतील माझ्या नोकरीच्या अखेरच्या वर्षांत आमच्या खालच्या मजल्यावर एक तरुण मराठी अधिकारी राहावयास आला. मूळचा मराठवाड्यातला, दृष्टी लहानपणीच गेलेली. पांढऱ्या काठीच्या आधाराने तो एकटा कचेरीत जाई, एकटा परत येई, आणि संध्याकाळी गेलो तर स्वतः चहा करून पाजी. संगणकावरील मजकूर त्याला यंत्र वाचून दाखवी, त्यामुळे टिपण्या, मसुदे, नियमांची पुस्तके यांत त्याचे सहसा अडत नसे. अडे ते कागदाशी. हाताने लिहिलेली पत्रे, औषधाच्या पाकिटावरील बारीक अक्षरे, पाणपट्टीचे बिल, लग्नपत्रिका यांपुढे त्याचे यंत्र मुके होई. म्हणून दर रविवारी सकाळी तो आठवड्याचे कागद घेऊन वर येई आणि मी ते त्याला वाचून दाखवीत असे. पहिल्याच महिन्यात मी त्याला अरे-तुरे करू लागलो. त्याच वयाच्या, त्याच हुद्द्याच्या दुसऱ्या एखाद्या अधिकाऱ्याशी मी इतक्या लवकर एकेरीवर आलो असतो काय, हा प्रश्न तेव्हा मला पडला नाही.

एके संध्याकाळी मी खाली गेलो तर दार उघडेच होते. तो टेबलापाशी उभा राहून औषधाच्या पाकिटावर मोबाइल धरून होता आणि मोबाइलमधून कोणी बाई बोलत होत्या. बोलण्याला नागपूरकडचे वळण होते. "जरा वर घ्या दादा. आता थोडं उजवीकडे. हं, दिसलं. मुदत पुढच्या मार्चपर्यंत आहे, गोळी पाचशेची आहे." त्याने आभार मानले आणि संभाषण संपले. मी विचारले, "कोण रे या?" तो म्हणाला, "कुणास ठाऊक, काका. नाव विचारलं नाही."

मला आनंद व्हावयास हवा होता. औषधाची मुदत पाहण्यासाठी त्याला आता रविवारची वाट पाहावी लागणार नव्हती. परंतु खरे सांगावयाचे तर मला प्रथम वाटला तो मत्सर. माझे काहीतरी कोणी परभारे उचलून नेले, असे वाटले. मग त्या वाटण्याची लाज वाटली. ही लाज कशाची, याचा मी पुढे पुष्कळ दिवस विचार करीत राहिलो.

ही सोय आता नवी राहिलेली नाही. डेन्मार्कमध्ये हान्स यॉर्गन वीबर्ग नावाचे एक फर्निचर बनविणारे कारागीर आहेत. त्यांची स्वतःची दृष्टी पंचविशीपासून मंदावत गेली. अंध मंडळी आपल्या नात्यातल्या डोळसांना व्हिडिओ कॉल करून बारीकसारीक गोष्टी विचारून घेतात, हे त्यांच्या कानी आले. पण नात्यातल्या माणसाला दर वेळी किती त्रास द्यावयाचा? २०१२ साली त्यांनी आपली कल्पना ऑर्हूस येथील नवउद्योजकांच्या एका मेळाव्यात मांडली आणि जानेवारी २०१५ मध्ये 'बी माय आइज' हे ॲप सुरू झाले. अंध व्यक्तीने बोट दाबले की तिची भाषा जाणणाऱ्या स्वयंसेवकांच्या फोनची घंटा वाजते. जो आधी उचलेल त्याच्याशी गाठ. अंध व्यक्तीच्या फोनचा कॅमेरा जे पाहतो ते त्याला दिसते आणि तो ते बोलून सांगतो. काम झाले की संबंध संपला. अमेरिकेत निघालेल्या 'आयरा'ने दुसरा मार्ग धरला. तेथील साहाय्यक प्रशिक्षित आणि पगारी असतात. त्यांच्या वेळेचे मोल अंध ग्राहक तरी देतो, नाहीतर एखादा विमानतळ किंवा विद्यापीठ त्याच्या वतीने देते. २०२३ पासून 'बी माय आइज'ने माणसाच्या जोडीला कृत्रिम बुद्धीही उभी केली आहे. छायाचित्र काढावे, यंत्राने त्याचे वर्णन करावे, आणि न समजले ते आपण पुन्हा विचारावे.

एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. 'बी माय आइज'मध्ये मदत मागणाऱ्यांपेक्षा मदत देऊ इच्छिणाऱ्यांची संख्या कितीतरी पटींनी अधिक आहे. नाव नोंदवून महिनोन्‌महिने घंटेची वाट पाहत बसलेले स्वयंसेवक पुष्कळ आहेत. घेणाऱ्यांची रांग आपण सर्वत्र पाहतो; येथे देणाऱ्यांची रांग लागली आहे. मनुष्यस्वभावाविषयी यातून कोणी आशा बाळगावी, कोणी शंका घ्यावी. मी दोन्ही करतो.

आमच्या मंडळाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक निवृत्त स्नेही म्हणाले, "हे सगळे ठीक आहे, पण याला स्वावलंबन म्हणू नका. आधी तो शेजाऱ्यावर अवलंबून होता, आता परक्यावर आहे. फरक तो काय पडला?" या आक्षेपाला तेथल्या तेथे मला उत्तर देता आले नाही. बैठकीतील बहुतेकांनी माना डोलावल्या. त्या मानांपैकी एकही अशी नव्हती की जिच्या धन्याने तीस वर्षांत स्वतःच्या हाताने एक पाकीट चिकटविले होते!

आपण सरकारी नोकर काय करतो ते एकदा शांतपणे पाहावे. मसुदा लघुलेखक लिहितो, फाईल शिपाई आणतो, गाडी चालक हाकतो, आकडे हिशेबनीस जुळवितो, आणि अखेरीस खाली सही आपली असते. माझ्या नोकरीची चार वर्षे तमिळनाडूत गेली. तेथे पोहोचलो त्या दिवशी स्टेशनबाहेरच्या एका पाटीवरचे एक अक्षर मला लागत नव्हते. लोकांचे अर्ज येत ते तमिळमधून. कचेरीतील एक वयोवृद्ध कारकून ते वाचून मला इंग्रजीत सांगे आणि मी त्यांवर निर्णय देई. अक्षरांपुरता मी त्या जिल्ह्यात आंधळाच होतो. रस्त्यात हात धरून कोणी मला पलीकडे नेले नाही, माझ्या धैर्याचे कोणी कौतुक केले नाही, किंवा "याला स्वावलंबन म्हणू नका" असे कोणी बोलले नाही. महाराष्ट्राबाहेर दिवस काढलेल्या वाचकांना या अनुभवाची फोड करून सांगण्याची आवश्यकता नाही. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील केरळच्या सेवेत दाखल झाल्या आणि २०१९ मध्ये तिरुवनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी झाल्या, तेव्हा त्यांना दिसत नाही याची चर्चा वृत्तपत्रांनी भरपूर केली. मराठी अधिकाऱ्याला मल्याळम लिपीही नवीच, आणि त्या बाबतीत डोळसांचीही अवस्था वेगळी नसते, हे कोणाच्या ध्यानात आल्याचे माझ्या वाचनात नाही.

मग अवलंबणे म्हणजे काय? अमेरिकेतील अंधांच्या चळवळीचे एक नेते केनेथ जर्निगन यांनी १९९३ मध्ये आपल्या संघटनेच्या अधिवेशनात याच प्रश्नावर भाषण केले होते. स्वतः जन्मांध. काही तरुणांना त्यांची एक गोष्ट खटकली होती: नेता असून ते कधी कधी काठीऐवजी डोळस सोबत्याच्या हाताला धरून चालतात. जर्निगन यांचे म्हणणे असे की, जेथे जावयाचे तेथे, जेव्हा जावयाचे तेव्हा, स्वतःची किंवा इतरांची फारशी गैरसोय न करता जाता येणे हे स्वातंत्र्य. ते काठीने साधो वा कोणाच्या कोपराला धरून साधो. मात्र ज्याला काठीने जाताच येत नाही, त्याने हात धरणे ही निवड नव्हे, असेही त्यांच्या म्हणण्यात अभिप्रेत होते. हा दुसरा भाग सोडून पहिलाच घेणारे लोक अधिक.

आपल्याकडे याचे उत्तर व्याकरणाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. पाणिनीने कर्त्याचे लक्षण 'स्वतंत्र' असे सांगितले. देवदत्त कुऱ्हाडीने लाकूड तोडतो, तेव्हा लाकूड प्रत्यक्ष तोडते कुऱ्हाड. तरी कर्ता देवदत्तच. कुऱ्हाडीवाचून त्याचे अडते म्हणून त्याचे स्वातंत्र्य कमी होत नाही, कारण कुऱ्हाड उचलावी की ठेवावी हे त्याच्याकडे असते. साधनांचा अभाव म्हणजे स्वातंत्र्य, ही कल्पना वैयाकरणांना शिवलीही नाही. पंडित सुखलालजींचे उदाहरण घ्यावे. सोळाव्या वर्षी देवीच्या रोगात त्यांचे डोळे गेले. पुढे त्यांनी काशीस न्यायशास्त्राचे अध्ययन केले, बेचरदास दोशी यांच्या सहकार्याने 'सन्मतितर्क' या कठीण ग्रंथाचे संपादन केले आणि बनारस हिंदू विश्वविद्यालयात जैन दर्शन शिकविले. पोथीतील प्रत्येक अक्षर त्यांनी उसन्या डोळ्यांनी वाचले. त्या पांडित्याचा धनी कोण, असा प्रश्न कोणी विचारल्याचे ऐकिवात नाही.

परंतु येथे एक अडचण उभी राहते. कुऱ्हाडीला मन नसते. वाचून दाखविणाऱ्याला असते. मिल्टनच्या धाकट्या दोन मुलींना आपल्या अंध पित्यासाठी अनेक भाषांतील ग्रंथ अचूक उच्चारांनी वाचावे लागत, आणि त्या भाषा त्यांना कळत नसत, असे मिल्टनचा भाचा एडवर्ड फिलिप्स याने लिहून ठेवले आहे. कवीचे स्वातंत्र्य अबाधित राहिले, मुलींची कुऱ्हाड झाली. तेव्हा साहाय्य घेणारा कर्ता असावा एवढे पुरत नाही. देणाऱ्याचे कर्तेपणही उरावयास हवे. व्याकरणात यालाही जागा आहे. दुसऱ्याला कार्यास प्रवृत्त करणारा तो प्रयोजक; तोही कर्ता, आणि प्रवृत्त झालेला तोही कर्ता. मराठीत आपण म्हणतो, "तो माझ्याकडून पत्र वाचून घेतो." दुसरे वाक्य असे: "मी त्याला पत्र वाचून दाखवतो." घटना एकच. इतकी वर्षे मी स्वतःशी आणि इतरांशी नेहमी दुसरे वाक्य बोललो होतो. या लेखाच्या पहिल्या परिच्छेदातही तेच लिहून गेलो आहे, हे वाचकांनी पाहिलेच असेल.

'आयरा'च्या साहाय्यकांना घालून दिलेला एक नियम मला या दृष्टीने मोलाचा वाटतो. ग्राहक रस्ता ओलांडू लागला की साहाय्यकाने बोलावयाचे नाही. "आता जा, वाहन नाही," असे तो सांगत नाही. रहदारीचा कानोसा घेऊन, काठी पुढे टाकून, पाऊल उचलण्याचा निर्णय चालणाऱ्याचा. रस्त्याच्या या कडेला आणि त्या कडेला डोळे उसने मिळतात, मधल्या वीस पावलांत मिळत नाहीत. कंपनीने हा नियम जबाबदारी टाळण्यासाठीही केला असेल. हेतू काहीही असो, फळ चांगले आहे.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहावयास घेतला, ती सांगितली पाहिजे.

त्या संध्याकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "काका, गेल्या आठवड्यात मी दादाची जुनी पत्रं पुन्हा वाचून घेतली." त्याचा थोरला भाऊ गावी असतो आणि अजून हातानेच पत्रे लिहितो. दोन वर्षांपूर्वी त्याची आई अंथरुणाला खिळली तेव्हा भावाचे एक पत्र आले होते. ते मी वाचले होते. त्यात भावाने लिहिले होते की, तू येऊन तरी काय करणार, उलट तुझ्यामागे घरातला एक माणूस गुंतून पडेल, तेव्हा आला नाहीस तरी चालेल. ते वाक्य माझ्या डोळ्यांपुढे आले आणि माझी जीभ अडली. इतके जिव्हारी लागणारे वाक्य या मुलाला मी कसे ऐकवावे? मी क्षणभर थांबलो आणि वाचले, "सवडीने ये." पुढचा मजकूर जसाच्या तसा वाचला. त्याला काही कळले नाही, असे समजून मी मनातल्या मनात स्वतःची पाठही थोपटली.

तो सवडीने गेला. महिनाअखेरची कामे उरकून, तीन आठवड्यांनी. आईची भेट झाली. बोलणे झाले नाही. तोवर तिची वाचा गेली होती.

"तुम्ही ते माझ्यासाठीच गाळलंत, हे मला ठाऊक आहे," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरे झाले असते. "पण ते ऐकलं असतं, तर मी त्याच रात्री गाडी पकडली असती. दादाला दाखवायला तरी."

महाभारतात व्यासांनी दृष्टी प्रथम देऊ केली ती धृतराष्ट्राला. स्वकीयांचा संहार मला पाहावयाचा नाही, ऐकेन मात्र सगळे, असे सांगून त्याने ती नाकारली. तेव्हा ती संजयाला मिळाली. ही कथा आपण इतक्या वेळा ऐकतो की संजयाने काय केले याकडे आपले लक्षच जात नाही. युद्धाच्या दहाव्या दिवशी तो येऊन जे पहिले वर्तमान सांगतो ते भीष्म पडल्याचे. मागाहून एकेक करून शंभर पुत्रांचे मरण तो त्या वृद्ध पित्याला ऐकवितो, आणि हे सारे तुमच्याच दोषाने घडले असे बजावण्यासही कचरत नाही. एका सूताने राजाशी वागावे तसे हे वागणे नव्हे, पण डोळे उसने देणाऱ्याने वागावे तसे आहे. संजयाला धृतराष्ट्राची दया आली नसेल असे नाही. त्याने दया आणि दर्शन यांची सरमिसळ केली नाही. माझ्या हातून ती झाली. मी त्याला डोळे देत नव्हतो. माझ्या नजरेला सोसेल तेवढेच जग त्याला देत होतो.

ज्या अनोळखी बाईंनी ते पत्र त्याला वाचून दाखविले, त्यांनी काही थोर नैतिक कृत्य केले असे मी म्हणणार नाही. त्यांना तो कोण हे माहीत नव्हते, त्याची आई माहीत नव्हती. परकेपणामुळेच त्यांना प्रामाणिक राहणे सोपे गेले. माझ्यासारख्या आप्ताला ते अवघड असते, आणि आप्ताचा मोबदलाही मोठा असतो: कृतज्ञता, रविवारचा सहवास, आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत ही ऊब. पैशाने घेतलेल्या साहाय्यात हा मोबदला द्यावा लागत नाही, म्हणूनच 'आयरा'सारख्या पगारी व्यवस्थेला तुच्छ लेखू नये. मोल दिले की मान तुकवावी लागत नाही. पण ज्याच्याजवळ मोल नाही, त्याने काय करावे, हा प्रश्न बाजार सोडवीत नाही.

यंत्राविषयी थोडेसे. यंत्राला दया येत नाही, कंटाळा येत नाही, आणि रात्री दोन वाजता त्याला उठवले म्हणून संकोच वाटत नाही. माझ्या शेजाऱ्याने त्याला एकाच सदऱ्याचा रंग चार वेळा विचारला आहे. मला त्याने दुसऱ्यांदाही विचारला नसता. परंतु यंत्राची खोड माझ्या खोडीहून वेगळी असली तरी तितकीच वाईट आहे. मी असलेले गाळले. ते कधी नसलेले घालते, आणि तेही ठाम स्वरात. पाणपट्टीच्या एका बिलावर त्याने भलतीच रक्कम वाचली. न लागलेले अक्षर लागले नाही असे म्हणण्याचा विनय त्याच्या अंगी अजून पुरता आलेला नाही. शिवाय कॅमेऱ्यापुढे धरलेला कागद कोठे जातो, टेबलावरचे बँकेचे पासबुक कोणाच्या दृष्टीस पडते, ही चिंता आहेच. तो आता कोणता कागद कोणाला दाखवावयाचा हे ठरवून वागतो. डोळसांना आपले डोळे असे निवडावे लागत नाहीत.

आणि या सोयीचा एक दुरुपयोग मला आपल्याच कचेऱ्यांत दिसू लागला आहे. परिपत्रक टंकलिखित करावयाचे, छापावयाचे, त्यावर सही करावयाची, आणि मग त्या कागदाचे छायाचित्र घेऊन ते संकेतस्थळावर चढवावयाचे. मुळात जे यंत्राला वाचता येत होते ते आपण हातांनी मुके करून टाकतो. कोणी तक्रार केली तर आता उत्तर तयार असते: "वाचून दाखवणारं ॲप आहे ना!" २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्याने माहिती सुगम असण्याचे बंधन घातले. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधांपर्यंत पोहोचता येणे हा घटनेच्या एकविसाव्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. स्वयंसेवकाचे डोळे हे अशा कर्तव्याला पर्याय म्हणून पुढे करणे म्हणजे जिना बांधावयाचा आणि उचलून नेणारे लोक दारात उभे आहेत असे सांगावयाचे. मी स्वतः अशी सह्या केलेली छायाचित्रे वर्षानुवर्षे चढवीत आलो. खालच्या मजल्यावरचा अधिकारी त्यांतली काही वाचण्यासाठी रविवारी माझ्याकडे येत होता, आणि मी ती त्याला मोठ्या आपुलकीने वाचून दाखवीत होतो!

त्या संध्याकाळनंतर तो दोन रविवार आला नाही. तिसऱ्या रविवारी आला. हातात भावाचे नवे पत्र होते. "ॲपवर वाचून नाही घेतलंस?" मी विचारले. "दादाचं अक्षर तुम्हाला सवयीचं आहे," तो म्हणाला, "आणि आज मला घाई नाही." मी चष्मा लावला आणि वाचू लागलो. शेताची वाटणी, बहिणीच्या मुलाचे शिक्षण, एक-दोन टोमणे, सगळे वाचले. दुसऱ्या पानावर शाई पसरली होती. मी थांबलो.

"काय झालं?"

"इथे एक शब्द लागत नाही. बहुतेक..."

"बहुतेक नको, काका. लागत नाही एवढंच म्हणा."

मी तसे म्हणालो आणि पुढची ओळ वाचू लागलो.